बँडची पडेल तबकडी

अख्ख्या वाशिमात मनापासून जळावं असा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा आतेभाऊ निघाला. बेट्याचं सगळंच जगावेगळं. नोकरीच्या परीक्षेला म्हणून मुंबईला गेला आणि नापास होऊन, वर रेकॉर्ड प्लेअर घेऊन परत आला. तरी आत्यानं त्याचीच दृष्ट काढली! मी मॅट्रिक पहिल्या फटक्यात पास झालो तेव्हा घरात चहासुद्धा जास्तीचा झाला नव्हता. भर उन्हाळ्यात हा मानेवर केस वाढवून फिरायचा. न्हाव्यानं टोकलं की म्हणायचा, "बँडवाले कापत नाहीत, मी काहून कापू?"

हा बँड वरातीतला नव्हे, विलायतेतला. चार केसाळ पोरं. त्यांची पहिलीच तबकडी जगभर गाजली आणि कुण्या दोस्तामार्फत वाशिमात पोचली. दर रविवारी संध्याकाळी आत्याच्या ओसरीवर ती लागायची. चपला बाहेर, विडी बंद, तबकडीला हात लावायचा नाही. सुई पुसायला मऊ कापड हवं म्हणून पठ्ठ्यानं आत्याच्या नव्या लुगड्याचा पदर फाडला होता. इंग्रजी कोणालाच कळत नसे, म्हणून प्रत्येक गाण्याआधी तो अर्थ सांगायचा. अर्थ सगळ्यांचा एकच: "गरिबावर अन्याय झाला, थे सांगून राह्यला." लोक माना डोलवायचे.

तेही मी सोसलं असतं. पण तिथं आमचे बाबा जाऊ लागले. बाबांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत अनसिंगपासून जऊळक्यापर्यंत त्यांना बोलावणी यायची. पेटीवर मी. इतकी वर्षं वाजवली, पण बाबांच्या तोंडून एक 'वा' निघाला नाही. सूर चुकला की मात्र भर कार्यक्रमात वळून बघायचे. आणि हाच माणूस त्या चार परक्या पोरांसाठी मांडीवर थाप मारून म्हणाला, "वा! जीव तोडून गाऊन राह्यले रे पोट्टे!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग बँडची दुसरी तबकडी निघाली. आतेभावानं गावभर डंका पिटला. ओसरी भरली, सुई टेकली. एक गाणं झालं, दुसरं झालं, लोक एकमेकांकडे बघू लागले. पोरं तीच, पण कंटाळून गात होती. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या!

"लाइट डिम हाय," आतेभाऊ म्हणाला, "रेकॉर्ड हळू फिरून राह्यली." आणि उठून थेट, सगळी वीज ओढणाऱ्या शेजारच्या पिठाच्या गिरणीत शिरला. "काका, अर्धा घंटा गिरणी बंद करा, बँडच्या इज्जतीचा सवाल हाय!" दळणाचे डबे घेऊन उभ्या बायांनी त्याचा उद्धार केला, पण गिरणी थांबली आणि दिवे लख्ख झाले. तबकडी आता नीट फिरू लागली, आणि ती किती पडेल आहे हे स्वच्छ ऐकू आलं. एकेक जण चपला शोधू लागला. मीही शीळ घालत निघालो. बाबा तेवढे त्याच्याजवळ बसून राहिले. हरलेल्या भाच्यासाठीही यांच्याकडे वेळ! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा आतेभावाकडे गेलो होतो. त्याच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत, तबकड्या मात्र जपलेल्या. सहज विचारलं, "गिरणी बंद केली थ्या दिवशी बाबा तुले काय म्हणाले बे?"

"मामा म्हणे, 'या बँडवाल्यायपेक्षा आमचं पोट्टं पेटी बरी वाजवते.'"

"आन् हे तू आता सांगून राह्यला?"

"मंग काय करू? माह्या बँडले नावं ठेवून तुही तारीफ! लय जळलो मी."

मी म्हटलं, "लाव थे रेकॉर्ड."

"पडेल वाली?"

"तेच लाव."

दोन्ही बाजू ऐकल्या. गाणी अजूनही वाईटच होती.

"अबे," आतेभाऊ म्हणाला, "इतकी बी खराब नाही ते. काहून रडून राह्यला?"