परमनंट मास्तर

दाजींच्या हाती तुमची पिशवी गेली की ती परत तुमच्या हाती येईल याची खात्री नसे. मालवणहून येणारी मोटार संध्याकाळी तिठ्यावर थांबली की हा माणूस तिथे हजर. गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, बटणं न लावलेला सदरा, काखेत छत्री. उतरणाऱ्यांत कुणी विजार घातलेला अनोळखी दिसला की दाजी आधी त्याची पिशवी ताब्यात घेत आणि मग विचारत, "बीए मां?" तो बिचारा औषधं विकणारा असो की जमीन मोजायला आलेला सरकारी माणूस असो! "नाही हो, मी मॅट्रिक," असं त्याने सांगितलं की दाजींचा चेहरा पडे. पण पिशवी ते तेव्हाही लगेच देत नसत. "मॅट्रिकाक इंग्लिश कितपत येता?" हा पुढचा प्रश्न तयार असे.

आचऱ्याच्या अलीकडे खाडीकाठी आमचं गाव. 'आमचं' म्हणायला मी अर्थातच तिथला नव्हे, पण ते पुढे येईलच. दाजींचं तिथे नारळ-सुपारीचं दुकान होतं, आणि ते गावच्या हायस्कुलाचे सेक्रेटरी होते. दुकान पोटासाठी आणि सेक्रेटरीपण हौसेसाठी, असं कुणालाही वाटेल. दाजींचं उलटं होतं. गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरी हे शाळेच्या कौलांचा हिशेब लावत बसायचे. गिऱ्हाईकही त्यांच्याच गावचं, तेही कौलांवर आपलं मत देत बसायचं.

त्यांची एकच ओढ होती: शाळेला इंग्रजीचा टिकाऊ मास्तर. माझ्याआधी तिघे येऊन गेले होते. पहिला पुण्याचा. सुकत घातलेल्या मासळीच्या वासाने त्याने नाकाला रुमाल लावला, तो थेट पुण्यात जाऊन काढला. दुसरा लग्नाला म्हणून गेला आणि लग्नातच राहिला. तिसरा "बाजारात जाऊन येतो" म्हणाला आणि मोटारीत बसला. त्याची चप्पलसुद्धा दाजींच्या ओटीवर राहिली होती. ती ते मला दाखवत. "ह्यो बघ, टेंपरवारी मनीस!" म्हणत.

'टेंपरवारी' ही दाजींच्या तोंडची सर्वांत वाईट शिवी. इंग्रजी त्यांना मोजून दोन शब्द येत, 'परमनंट' आणि 'टेंपरवारी', आणि सगळं जग त्यांनी या दोन खणांत भरून टाकलं होतं. गळकी छत्री टेंपरवारी. शब्द फिरवणारा व्यापारी टेंपरवारी. जेवायला बसवून आमटी पातळ वाढणारी सून टेंपरवारी. परमनंट म्हणजे गावचा देव, खाडी आणि काकी. काकी म्हणजे त्यांची बायको. तिला हे ऐकवलं की ती आतून म्हणायची, "माका विचारल्याशिवाय परमनंट केल्यात तुमी."

हसायला ठीक आहे, पण त्यामागचं दुखणं खरं होतं. त्या काळी शाळा अकरावीपर्यंत असली तरच मुलगा मॅट्रिक होणार. आमच्या शाळेला अकरावीचा वर्ग मोठ्या मिनतवारीने मिळाला होता, तोही अटीवर. इंग्रजीचा पदवीधर मास्तर वर्षभर टिकला तर वर्ग राहील, नाहीतर बंद. आणि गावातला प्रत्येक मुलगा तर मुंबईला जायचाच. प्रश्न एवढाच, की कचेरीत जाणार की हॉटेलात. दाजी म्हणायचे, "आमच्या झिलांनी मुंबैत आनी किती वर्सा कपबशे धुवचे? माझ्या बापाशीन धुतले, माझ्या भावान धुतले. आता पुरे मरे!" हे बोलताना ते हसत नसत.

मी मूळचा कोल्हापूरचा. नुकता बीए झालो होतो, इंग्रजी घेऊन. आमच्या सरांनी मला कॉलेजात ट्यूटरची जागा मिळवून द्यायचं कबूल केलं होतं. "जुलैपर्यंत थांब, जागा निघेल, मी तार करतो," असं त्यांचं म्हणणं. कॉलेजात शिकवायचं, शिकवता शिकवता एमए व्हायचं, एवढं एकच स्वप्न मला होतं. मधले दोन महिने घरी बसून वडिलांची बोलणी खाण्यापेक्षा म्हणून मी या शाळेची जाहिरात बघून अर्ज केला. समुद्रही बघितलेला नव्हता. म्हटलं, मुलाखतीच्या निमित्ताने तेवढा बघून येऊ. काय सांगू, माणसाने असल्या फालतू कारणांनी घराबाहेर पडू नये!

मुलाखत दाजींच्या ओटीवर झाली. हेडमास्तर शेजारी गप्प बसले होते. दाजींनी विचारलं, "मासे खातास?" खातो म्हटलं. "लगीन झाला?" नाही म्हटलं. मग ते म्हणाले, "जरा इंग्लिश बोला बघू." मी काहीतरी बोलत गेलो. दाजी डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ताल धरून, भजन ऐकावं तसे ऐकत होते. मी थांबलो तसे डोळे उघडून म्हणाले, "थांबल्यात कित्याक?" मी आणखी पाच मिनिटं बोललो. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर लिहिलेला सगळा निबंध म्हणून दाखवला. काकींनी सोलकढी आणून दिली आणि मुलाखत संपली.

"आता देवाक सांगाया," असं म्हणून दाजी मला देवळात घेऊन गेले. मला वाटलं, नमस्कार करून यायचं असेल. तिथे बघतो तर निम्मा गाव जमलेला. कोकणातलं गाऱ्हाणं मी तोवर ऐकलेलं नव्हतं. म्हणजे काय, तर एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवापुढे मोठ्याने मागणं घालतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले लोक एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. दाजींनी नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाज लावला:

"बा देवा म्हाराजा! हो मास्तर घाटावरसून तुझ्या गावात इलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या पायाक काटो लागूचो नाय, तेच्या पोटात दुखूचा नाय, तेची बुद्धी फिरूची नाय, अशी राखण कर!"

"व्हय म्हाराजा!"

आता इतकी माणसं माझ्याच पोटाची काळजी वाहत असताना मी गप्प कसा उभा राहणार? मीही हात जोडून म्हणू लागलो, "व्हय म्हाराजा." मला तो शब्द भारी आवडला, खोटं कशाला बोला. आवाजही वाढवला. तेवढ्यात दाजींनी शेवटचं मागणं घातलं:

"आणि अकरावीची पोरा पार होईसर तेका हयच परमनंट कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. शब्द तोंडातून गेला आणि मग डोक्यात शिरला. वळून बघतो तर सगळा गाव माझ्याकडे बघून हसतोय. एका म्हातारीने तर माझी अलाबला घेतली. त्या क्षणापासून दाजींनी 'तुमी' सोडलं आणि मला अरेतुरे करायला सुरुवात केली.

तरी मी मनाशी म्हटलं, तार येईपर्यंत राहायचंच आहे, राहू. दाजींच्याच घरी पडवीतली खोली मिळाली. सकाळी पेज, दुपारी मासे-भात, आठवीपासून अकरावीपर्यंतचे तास. काही वाईट नव्हतं. पावसाळ्यात तिठ्यापर्यंतची मोटार बंद झाली. गाव सोडायचं तर होडीने खाडी ओलांडून पलीकडे मोटार पकडायची, एवढाच रस्ता उरला. समोर समुद्र, बाजूला खाडी, मागे डोंगर. शनिवारी तास संपले की मी खाडीकाठी जाऊन उभा राही आणि पलीकडच्या माडांकडे बघत बसे.

आणि जुलैत तार आली. ताबडतोब रुजू हो. मी नाचायचाच बाकी होतो. सामान बांधलं आणि दाजी दुकानात आहेत असं बघून खाडी गाठली. होडीवाला बाबल वल्हं पुसत बसला होता. माझं सामान बघून तो उठलासुद्धा नाही.

"बाबल, पलीकडे सोड."

"तुमका? नाय सोडूचंय."

"का रे बाबा?"

"मास्तरांनू, तुमी देवाक व्हय म्हटल्यात. मी मागेच होतंय, माझ्या कानांनी आयकलंय. तुमका घेवन मधी गेलंय आणि होडी बुडाली तर? माझी पोरा कोण पोसतलो?"

मी समजावलं, विनवलं, ओरडलो. तो ढिम्म. दुसऱ्या होडीवाल्याकडे गेलो, त्याचंही तेच. पोहता येत असतं तर मी तशीच उडी टाकली असती. एवढ्यात छत्री घेऊन दाजी आले आणि काठावर माझ्या शेजारी बसले. मग मात्र माझा तोल सुटला. मी त्यांना नाही नाही ते बोललो. तुम्ही मला फसवलंत, देवाच्या नावाने कोंडलंत, माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंत. दाजी सगळं शांतपणे ऐकत होते. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाले,

"मास्तर, ह्याच सगळा इंग्लिशमदी बोल मरे. ऐकाक बरा वाटात."

काय करावं या माणसाचं? मला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, आणि भर पावसात तिथे बसून मी मनसोक्त रडलो. दाजींनी छत्री माझ्यावर धरली, स्वतः भिजत राहिले. कॉलेजातली ती जागा आठवड्याभरात दुसऱ्याला गेली.

पुढचे दोन महिने मी दाजींशी कामापुरतंच बोललो. त्यांना त्याचं काही नव्हतं. माझ्या तासाला ते वर्गाबाहेरच्या बाकावर येऊन बसत. कळत काही नसे, पण मुलं एका सुरात इंग्रजी वाचू लागली की यांची मान डोलायला लागे. गणपतीत मला बांगडा आवडतो हे कळल्यापासून विसर्जनानंतर रोज बांगडा. मग त्यांनी माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात केली. आधी देवाचं कुलूप, मग खाडीचं, आणि आता हे तिसरं! मी कडाडलो तसे म्हणाले, "बरा, रवला. पण चेडू कसा गोरागोमटा आसा बघ तरी." मी बघितलं नाही. तेव्हा नाही.

राग होताच, पण तो मी मुलांवर काढला, म्हणजे त्यांना शिकवून शिकवून हैराण केलं. पळून जायला जागा नसली की माणूस काम तरी करतो. मार्चात मुलांना घेऊन परीक्षेला मालवणला गेलो. जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत आमचा एकही मुलगा नापास नव्हता. अकरावीचा वर्ग कायम झाला. दाजींनी गावभर साखर वाटली, आणि मग माझ्या पडवीत येऊन खाली जमिनीवर बसले. खुर्ची होती, तरी खालीच.

"मास्तर, आता तू खुशाल जा."

"देवाने सोडलं वाटतं?" मी कुजकटपणे विचारलं.

"देवान तुका धरल्यान कधी? गाऱ्हाणा घातलंय मी. फेडूचा माझा मी. मागे उभे रवान व्हय म्हणतत ते नुसते साथीक. तेंका कसला बंधन? तू कधीय जाव शकलो असतंस."

"आणि तो बाबल?"

"बाबलाक मीच सांगलेलंय."

"अहो, मग वर्षभर मला बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस खंय?" दाजी म्हणाले. मग मान खाली घालून, माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "माका भेव होता, तू इचारशीत म्हणान. रोज वाटा, आज इचारतलो."

सबंध वर्ष मी स्वतःला कैदी समजत होतो, आणि माझा जेलर माझ्याहून जास्त घाबरलेला होता! मला त्यांचा इतका राग आला आणि त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली, की दोन्ही एकदम कसं वाटू शकतं ते मला आजही सांगता येणार नाही.

उठताना त्यांनी एकच मागितलं. "तिघेव न सांगता गेले. तू तसो जाव नको. जावचा आसात तेव्हा तोंडार सांग, 'दाजी, मी जातंय.' मी अडवचंय नाय. मीच खाडयेपार सोडीन."

सांगू, म्हटलं. सरांनी कोल्हापूरहून पुन्हा जागेचं कळवलं होतं, घाई नव्हती. नव्या अकरावीचे धडे जरा मार्गी लागू देत, मग सांगू. मग गणपती होऊ देत. मग तिमाही परीक्षा. रोज दाजी ओटीवर दिसत आणि रोज मी म्हणे, उद्या. त्या गोऱ्यागोमट्या मुलीलाही तोवर मी देवळाच्या वाटेवर दोन-तीनदा बघितलं होतं, लपवण्यात काय अर्थ आहे.

दिवाळीच्या आधी दाजींना ताप भरला. उतरेना. मी खोलीत गेलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. पावलांवरून त्यांनी मला ओळखलं.

"काय मास्तर, सांगाक इलंस?"

"नाही हो. सहज आलो."

"मगे बस," म्हणाले, आणि माझा हात धरून झोपी गेले. दुसऱ्या दिवशी गेले. काकींच्या आधी मीच मोठ्याने रडलो, सगळ्या गावादेखत.

त्या गावात मी नोकरी पुरी केली, तिथेच लग्न केलं, तिथेच पेन्शन घेतो. सेक्रेटरी कितीतरी आले आणि गेले. त्यांच्यातल्या कुणीही मला एका अर्जावर सोडलं असतं, हसत सोडलं असतं. पण त्यांना कशाला विचारायचं? त्यांनी मला अडकवलं कुठे होतं?