शालूच्या अंगरख्याची घडी

मी मुळातच भित्री आहे. जुनी कापडं टिकवायच्या माझ्या कामात हा गुण मानतात, कारण धीट माणूस रेशीम आधी झटकून बघतो. पण त्या सकाळी बोरीवलीतल्या त्या फ्लॅटच्या दारात जे झालं ते गुणाबिणात बसणारं नव्हतं. मला पायातली चप्पल काढायचंही सुचेना.

दार उघडलं होतं काकींनी. त्यांची थोरली मुलगी नाटकांचे, मालिकांचे पोशाख करायची. अंधेरीला तिचं वर्कशॉप होतं. ती गेल्यावर ते रिकामं करावं लागलं आणि सगळे पोशाख या घरात आले, कपाटात, दिवाणाच्या पोटात, बाथरूमवरच्या माळ्यावर. धाकटी मुलगी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. "कुणाला द्यायचं नाहीये यातलं काही, फक्त टिकलं पाहिजे," असं म्हणून तिने मला बोलावलं, आणि आम्ही तिघी मिळून कामाला लागलो. कसर नि डाग मी बघायची, मैत्रीण फोटो काढायची, काकी मांजरपाटाच्या पिशव्या शिवायच्या. मी डांबराच्या गोळ्या फेकल्या म्हणून काकी एक अख्खी दुपार माझ्याशी बोलल्या नव्हत्या. एरवी आमचं बरं चाललं होतं.

शेवटी एक अंगरखा राहिला होता. मीच तो मागे ठेवत आले होते, कारण त्याची मला भीती वाटायची. बाकीचे पोशाख कुणाकुणाच्या सांगण्यावरून केलेले. हा मुलीने केलेला शेवटचा, आणि कापड काकींच्या लग्नातल्या शालूचं. ज्या नाटकासाठी केला ते उभंच राहिलं नाही, त्यामुळे तो कुणाच्या अंगाला लागलाच नव्हता. तसाच घडी घालून ठेवलेला. जुनं रेशीम पहिल्यांदा घडीवरच तुटतं. म्हणून आदल्या दिवशी मी काकींना फोन करून सांगितलं, "मी येईपर्यंत अंगरख्याची घडी मोडून ठेवा." म्हणजे अलगद उलगडून चादरीवर पसरा, एवढंच माझ्या मनात होतं.

आणि काकी तो अंगरखा घालून माझ्यासमोर उभ्या होत्या.

नव्या कपड्याची घडी मोडायची म्हणजे तो पहिल्यांदा अंगावर घालायचा, हे मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्याकडे आईच्या प्रत्येक नव्या साडीची घडी आत्या मोडायची. इतकी वर्षं कामात राहून मला घडी म्हणजे फक्त कापडावरची रेघ वाटायला लागली होती.

"तूच सांगलंस मा, घडी मोडून ठेवा म्हणान?" माझं तोंड बघून काकी म्हणाल्या. "तिचा दुसरा कोण आसा? मीच मोडलंय."

त्या केस सारखे करायला हात वर नेऊ लागल्या, आणि पाठीकडून बारीक आवाज आला. चर्र.

"काकी, हात खाली. हळू. आता हलू नका."

मैत्रीण आतून धावत आली. तिलाही काही माहीत नव्हतं, ती आंघोळीला गेली होती तेवढ्यात हे झालेलं. "वाट लागली ना गं?" ती हळूच म्हणाली. मी मागे जाऊन बघितलं. काकींच्या पाठीवर, जिथे घडी होती तिथे, रेशीम बोटभर उललं होतं. त्या श्वास घेत होत्या आणि ती फट उघडत होती, मिटत होती.

बंद सुटले. पण बाह्या हाताला घट्ट बसणाऱ्या. "चढल्या कशा?" मी विचारलं. काकींनी पावडर लावून हात सरकवले होते. आता घामाने पावडरीचा चिखल झाला होता आणि बाही दंडावरून खाली सरकायला तयार नव्हती. ओढली तर हातात चिंध्या येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"उसवावी लागेल," मी म्हटलं.

"तिचे टाके हत ते," काकी म्हणाल्या. "तिने हातान घातलेले."

खरंच होतं. मशीनची एकही शिवण नव्हती. टाके ठेवायचे तर कापड जाणार, कापड ठेवायचं तर तिचे टाके मला कापावे लागणार. मी मैत्रिणीकडे बघितलं. तिने आईकडे बघितलं. काकींनी हात माझ्या पुढे केला.

"उसव."

मी बारीक कात्री घेतली. एकेक टाका कापायचा, दोरा चिमट्याने काढायचा. मैत्रीण खालून मांजरपाट धरून बसली होती. एक बाही कोपरापर्यंत सुटली तेव्हा काकींचा खांदा मला थरथरताना दिसला. वर बघितलं तर त्यांचे डोळे भरले होते आणि हुंदका छातीपर्यंत आला होता. पाठीवरची फट हलली.

"काकी, रडू नका," मी म्हटलं. "प्लीज. फाटेल."

मुलीचे टाके सुटताना बघणाऱ्या आईला मी हे सांगितलं, आणि सांगताना मला काळजी फक्त रेशमाची होती. काकींनी ओठ आत घेतले. श्वास दाबून धरला. दुसरी बाही उसवून होईपर्यंत त्यांनी एक थेंब पडू दिला नाही. मैत्रीण आईकडे बघायचं टाळत होती.

अंगरखा मागून अलगद निघाला. पाठीवरची फट वाढली नव्हती. तो चादरीवर पसरला आणि मी तिथेच फरशीवर बसले. काकी परकर-पोलक्यात उभ्या, दंडावर पावडरीचे पट्टे. मैत्रिणीने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली.

"झालं काकी," मी म्हटलं. "आता रडा हवं तर."

त्यांनी पदर शोधला, अंगावर नव्हता. मग शालीच्या टोकाने डोळे पुसले, ते कोरडेच होते.

"आता येत नाय गो," त्या म्हणाल्या.