बारी सुटली

आमच्या ह्यांना देवानं तोंड दिलं आणि बाकीचं द्यायचं विसरला, असं मी लग्नानंतर वर्षभरातच माहेरी सांगितलं होतं. जुन्नर-आंबेगावात कुठंही यात्रा असो, शर्यतीच्या चढणीवर, म्हणजे घाटात, बैलगाडे पळायचे असोत, माइक बहुतेक ह्यांच्याच हातात असायचा. आमच्या दावणीला शर्यतीचा बैल कधीच नव्हता. एक म्हैस होती, तीही चालायचा कंटाळा करायची. हौस होती ती नुसती बोलण्याची. गाडा घाटाच्या तोंडाशी उभा राहिला, की हे श्वास रोखायचे आणि मग सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडायचे, "सुटली! बारी सुटली!" एका गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी. बैल पळून वर पोचेपर्यंत ह्यांचं तोंड बैलांच्या पुढं पळत असायचं. घरी यायचे ते नारळ, टोपी आणि बसलेला घसा घेऊन. मग मी हळद घालून दूध द्यायची, आणि बोलणीही खायला घालायची.

शर्यतींवर बंदी आली तेव्हा ह्यांनी दोन्ही भोंगे गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवले. पण जीभ कोण गुंडाळणार? म्हशीची धार काढतानासुद्धा बारी सांगायचे. म्हैस पान्हा चोरायची, आणि मला वाटायचं, बरोबर आहे तिचं.

मग करोना आला. आमचं गाव येडगाव धरणाच्या अंगाला, अर्धी वस्ती उसात विखुरलेली. ग्रामपंचायतीचा स्पीकर चावडीच्या पलीकडं जात नव्हता. ह्यांचा एक जुना मित्र होता, घाटात कायम ह्यांच्या शेजारी उभा राहणारा, त्याच्याकडं पिकअप होती. दोघांनी भोंगे उतरवले, पिकअपवर बांधले आणि वस्त्या-वस्त्यांवर फिरायला लागले. आधी सरकारी कागद वाचून दाखवला. कुणी ढुंकून बघेना. दुसऱ्या दिवशी ह्यांनी कागद ठेवून दिला आणि बारी सांगायला घेतली. "आलं, आलं, पावणं आलं! पुण्याची गाडी हाय, तोंड उघडं हाय, नाकावर फडकं न्हाई! धरा राव, कुणीतरी धरा!" बायका हातातली कामं टाकून बांधावर आल्या. पोट धरून हसल्या आणि पदर नाकाला लावून घरात गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात हसायचं काही राहिलं नाही. आळे गावाच्या बाजूला एका लग्नाच्या कार्यालयात आजाऱ्यांना ठेवायला लागले. आत नातेवाइकांना सोडत नव्हते. लोक रस्त्याच्या कडेला चिंचेखाली बसून राहायचे आणि वरच्या खिडक्यांकडं बघायचे. आतल्या म्हाताऱ्यांकडं फोन नसायचे, असले तरी बोलायला दम नसायचा. तेव्हा ह्यांनी पिकअप त्या भिंतीशी नेऊन लावली. बाहेरच्यांनी निरोप सांगायचा, ह्यांनी भोंग्यावरून आत पोचवायचा. नाव घेऊ नका, असं घरचेच सांगायचे. नाव फुटलं तर लोक विहिरीवर येऊ देत नव्हते. म्हणून हे गावावरून हाक मारायचे. "निमगाव साव्याच्या आजी, ऐकताय का? तुमची म्हैस व्याली. रेडी हाय, लई गुणाची हाय. नातू म्हणतो, आजी आल्याबिगर खरवस करायचा न्हाई!" मग एखाद्या खिडकीतून टॉवेल हलायचा. घाटात गाडा जिंकला की टॉवेल उडवतात, तसाच. खाली चिंचेखालचे लोक रडायचे आणि हसायचे.

कुणी बरं होऊन दारातून बाहेर पडलं, की हे ओरडायचे, "सुटली! बारी सुटली!"

यावरून एकदा घोटाळा झाला. निमगावच्या आजी बऱ्या झाल्या. ह्यांनी हौसेनं आरोळी ठोकली आणि त्यांच्या लेकीनं हंबरडा फोडून तिथंच धुळीत अंग टाकलं. खूप सोसून माणूस गेलं की आपल्याकडं 'सुटलं बिचारं' म्हणतात, तिनं तेच ऐकलं. आजी स्वतः चालत येऊन तिच्या डोक्याशी उभ्या राहिल्या तेव्हा कुठं ती गप्प झाली. मी ह्यांना म्हटलं, "दुसरा शब्द नाही का मिळत तुम्हाला?" तर म्हणाले, "सुटणं म्हंजी पळणं. मरणाला हा शब्द कुनी दिला? मी परत घेतला." आणि खरंच घेतला. महिनाभरात आमच्या भागात कुणी 'आमचे अण्णा सुटले' म्हटलं, की ऐकणारा पेढे मागायचा.

मग ह्यांनाच ताप आला. कुठून लागण झाली यावर गावात पुष्कळ चर्चा झाली. मला तिच्यात काडीचा रस नव्हता, आजही नाही. त्याच कार्यालयात ह्यांना वरच्या मजल्यावर ठेवलं. पहिल्यांदा गेला तो आवाज.

मित्र मला पिकअपवर घेऊन गेला. माइक माझ्या हातात दिला. "बोला वहिनी. भाऊ ऐकत्यात." जन्मात मी माइक धरला नव्हता. एवढे लोक चिंचेखाली बसलेले. मला ह्यांना सांगायचं होतं की घर ओकं झालंय, तुमची बडबड नाही तर मला झोप येत नाही. तोंडातून निघालं, "कांदा बराखीत भरलाय. म्हैस बरी आहे. तुम्ही लवकर या." वरच्या खिडकीत टॉवेल हलला, एकदाच. चेहरा मला दिसला नाही.

त्यानंतर श्वास जरा सुधारलाय असा निरोप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राचा फोन आला. "वहिनी, भाऊ सुटलं." मग नुसतं रडणं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. मला वाटलं, आनंदानं रडतोय. बारी जिंकल्यावर असंच रडताना मी त्याला पाहिलं होतं.

मी अंगणात धावले. बांधापलीकडं जाऊ भाजी खुडत होती, तिला ओरडून सांगितलं, "हे सुटले गं!" तिनं हातातली जुडी उधळून दिली आणि ह्यांच्यासारखं घाटातलं "भिर्रर्र" केलं. मी चूल पेटवली. तिथून आलेल्या माणसानं आंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवायचा नाही, असं ठरलेलं होतं. मोठं पातेलं चढवलं, त्यात कडुनिंबाचा पाला टाकला. ह्यांचा धुतलेला सदरा दोरीवर टाकला. मासवडीसाठी तीळ भाजायला घेतले. इतकी खूश मी माझ्या लग्नातसुद्धा नव्हते.

पिकअप आली. मित्र एकटाच उतरला आणि फाटकाशीच थांबला. मी मागच्या बाजूला जाऊन पाहिलं.

"हे कुठंयत?"

 त्यानं चुलीकडं बघितलं, सदऱ्याकडं बघितलं, आणि त्याचा चेहराच फिरला.

"वहिनी, मी फोनवर सांगितलं व्हतं की."

"काय सांगितलंत? सुटले म्हणालात ना?"

तो फाटकाला धरून खाली बसला. दुसरा शब्द त्याच्या तोंडातून लवकर निघेना. निघाला तेव्हा जावेनं मला धरलं होतं. देह घरी देणार नव्हते, दीर तिकडंच गेले होते, सगळं तिकडंच उरकायचं होतं. मला तिथं काहीच करायचं नव्हतं.

मला मित्राचा राग आला नाही. ह्यांचा आला. भयंकर आला. शब्द परत घेतला म्हणे.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा जाऊ हळूच म्हणाली, "बाई, आंघोळ करावी लागंल." माणूस गेल्याचं कळल्यावर करतात ती. चुलीवरचं पाणी उकळत होतं. तिनं ते न्हाणीत नेऊन ठेवलं आणि गार पाण्याची बादली शेजारी ठेवली.

ह्यांना आंघोळीला चटका बसेल इतकं कढत पाणी लागायचं. मी गार पाण्याच्या बादलीला हात लावला नाही.