खोट्या हाकेचा गूळ

सावधानता भयातून जन्मते, असा सर्वसाधारण समज आहे. मला ती श्रद्धेची धाकटी बहीण वाटते. जे राखण्यायोग्य आहे असे मनोमन मानले, त्याचीच राखण माणूस करतो. आमच्या गावच्या सगुणाबाई आठवल्या की हा विचार दृढ होतो.

रेवदंड्याच्या खाडीकाठी आमच्या भातखाचरांत खारे पाणी शिरू नये म्हणून तेव्हा मातीचा बांध होता. उधाणापूर्वी सगुणाबाई त्यावरून अनवाणी चालत, खेकड्यांची बिळे शोधीत. कोठे ओल दिसली की हाक घालीत आणि घरटी एक माणूस चिखलाची पाटी घेऊन धावे. पुष्कळदा ती ओल निरुपद्रवी निघे. तरीही हाक देणाऱ्यास हसायचे नाही, उलट त्याच्या हातावर गूळ ठेवायचा, अशी गावाची रीत होती.

पुढे मुंबईच्या एका रुग्णालयातील संशोधक गावात रक्त तपासू लागले. कर्करोगाची गाठ दिसण्यापूर्वीच शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करू लागते. ही प्रतिपिंडे रक्तात सापडली तर रोगाची चाहूल आधी लागते, मात्र ही चाहूल कधी फसवीही असते, असे त्यांनी समजावले. सगुणाबाईंच्या रक्तात ती आढळली. मुंबईला नेऊन स्कॅन केले. काहीच निघाले नाही. गाव हसले.

पुढच्या वर्षी रक्ताने पुन्हा तेच सांगितले. मी त्यांच्या ओटीवरच बसलो होतो. मुलगा धनेश वैतागला.

"आये, परत मुंबई? गेल्या खेपेला काय निघालं? वारा!"

"न्हाय निघालं, त्ये बरंच झालं ना?"

"लोकं हसतात गं."

"हसूं दे. बांधावर मी किती येळा उगाच वरडले! तुझ्या बापानं कधी नाक मुरडलं? गूळच आणला. तू बी आण."

धनेश आत गेला आणि खरोखरच गुळाचा खडा घेऊन आला.

त्या खेपेस फुप्फुसात वाटाण्याएवढी गाठ सापडली. वेळीच सापडल्यामुळे शस्त्रक्रियेने ती समूळ काढता आली. त्यानंतर सगुणाबाई पुष्कळ जगल्या. गेल्या चैत्रात वार्धक्याने शांतपणे गेल्या.

बांध आता सिमेंटचा आहे. उधाणाच्या दिवशी त्यावर उभा राहिलो की त्यांची लांबवलेली हाक कानांत येते, "ओल हाय गोऽऽ, या!" आणि चिखलाने माखलेले ते सारे हात आठवतात.

धनेश दर वर्षी रक्त तपासून घेतो. काही निघाले नाही, तरी त्या घरी गूळ वाटतात.