डोळ्यातली पाठराखीण

नऊ फेब्रुवारी. घरच्या तुरीची डाळ निवडायला बसले होते. खरं तर हे काम सासूबाईंचं. पण गेल्या महिन्यात त्यांनी निवडलेल्या डाळीतल्या खड्यानं माझ्या नवऱ्याच्या दाढेतलं सिमेंट निघालं. तेव्हापासून त्या डाळ निवडतात, आणि त्या आंघोळीला गेल्या की मी तेच ताट पुन्हा निवडते.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. इथल्या राजापेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवाळीआधीच बजावलं होतं: उजवा लवकर काढा, नाहीतर डोळ्यातला दाब वाढेल आणि मग शस्त्रक्रिया करूनही नजर येईलच असं नाही. सासूबाईंचं उत्तर एकच, अजून पिकला नाही. त्यांचा जन्म चांदूर बाजारच्या संत्र्याच्या बागेत गेला. कच्चं फळ तोडणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी बागेतून हाकललेलं आहे, त्या डॉक्टरचं काय ऐकणार? पूर्वी डॉक्टरच पिकू द्या म्हणायचे, हेही खरं. आता तसं राहिलं नाही, हे मी कितीदा सांगितलं. मी बोलायला लागले की त्या खिडकीबाहेर बघायच्या.

बाग सोडून त्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांचा म्हातारा कुत्राही आला. त्या सकाळी तो सरळ चालत माझ्या ताटात घुसला. डाळ घरभर. सासूबाई ओल्या केसांनी बाहेर आल्या, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून अगदी नाकाला नाक लावून त्यांनी पाहिलं. कुत्र्याचा उजवा डोळा वर्षभरापासून पांढरा होताच, आता डावाही निळसर झाला होता.

"याले काईच दिसून नाई राहिलं," त्या म्हणाल्या. "आजच्या आज अकोल्याले ने. मुकं जनावर हाय, ते काय सांगन?"

मी म्हटलं, पिकू द्या की. त्यावर त्या जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.

कॉलेजातल्या माझ्या बारावीच्या मुलांची त्या दिवशी परीक्षा नव्हती. कुत्र्याला चादरीत गुंडाळलं, सासूबाईंना मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी काढली. अकोल्याच्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात आमच्या आधी तेल्हाऱ्याकडचा एक बैल होता. त्याच्या मालकाशी सासूबाईंच्या गप्पा इतक्या रंगल्या की आमचा नंबर पुकारला तो मलाच ऐकू आला.

डॉक्टर तरुण होते. खोलीत अंधार करून त्यांनी दिव्यानं दोन्ही डोळे तपासले. डावा करता येईल, म्हणाले, आज रक्त घेतो, तपासणी आली की लगेच करू. उजव्याचं मात्र आता काही होत नाही. मग त्यांनी विचारलं, इतके दिवस थांबलात कशाला?

"पिकून राहिला होता," सासूबाई म्हणाल्या.

"पिकला ना, आजी. पिकून गळला."

मोतीबिंदू फार दिवस तसाच ठेवला तर त्यातला माल आत झिरपतो, डोळा सुजतो, दाब चढतो आणि मागची नस मरते, असं त्यांनी समजावून सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, माणसाचंही असंच का? डोळा तोच, डॉक्टर म्हणाले. लगेच सासूबाईंनी चष्मा काढून तोंड त्यांच्या दिव्यापुढे केलं, म्हणाल्या, पाहून तं घ्या. माझी नोकरी जाईल, असं सांगून डॉक्टरांनी दिवा बंद केला.

मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा मागून प्रश्न आला. "तो कुत्रा, मी बाई मानूस. दोघाइले येकच रोग कसा काय?"

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे असा प्रश्न मला टाळवत नाही. डोळ्यातलं भिंग प्रथिनांनी ठासून भरलेलं असतं, ती नीट रचलेली असतात म्हणून आरपार दिसतं, असं सांगितलं. वयानं, उन्हानं, साखरेच्या आजारानं ती वाकडी होतात आणि एकमेकांना चिकटू पाहतात. त्यांना धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, शॅपरोन. वर्गात मी त्याला पाठराखीण म्हणते, नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी पाठवतात ती. हल्ली मुलांना पाठराखीणच समजावून सांगावी लागते, शॅपरोन त्यांना मोबाइलवर सापडतं. माणूस, कुत्रा, बैल, सगळ्यांच्या भिंगात जवळजवळ हेच प्रथिन. त्याचे भाऊबंद अंगभर असतात. उन्हाळ्यात गाय धापा टाकते तेव्हा तिच्या अंगात त्यांचीच धावपळ चालते, आणि मेंदूच्या काही आजारांत तेच कमी पडतात.

सासूबाईंनी लगेच चूक काढली. लग्नात त्यांच्याबरोबर पाठराखीण म्हणून आलेली आत्या तीन दिवसांत माहेरी पळाली होती. तिच्यावाचून त्यांचं काय अडलं?

प्रश्न बरोबर होता. बाकी अंगात तसंच होतं, मी म्हटलं. पाठराखीण घडी बसवून देते आणि निघून जाते. पण भिंगाच्या मधोमध नवी भरतीच नाही. तुमच्या जन्माआधी ज्या आल्या त्याच तिथे आहेत. एकेकीनं एकेक वाकडं प्रथिन हाताशी धरलं आहे आणि ते सोडता येत नाही. सगळ्यांचे हात भरले की उरलेल्यांना धरायला कोणी नाही. त्यांच्या गाठी होतात आणि भिंग पांढरं पडतं. वाट पाहून त्यात सुधारणा होत नाही, गाठी कडक होतात तेवढंच.

बडनेऱ्याचे दिवे दिसू लागले तेव्हा त्या पुढच्या सीटकडे वाकल्या.

"सत्त्याहत्तर वर्सं उभी हाय म्हन ते माह्या डोयात?"

"हो, आई."

"मंग बसाले सांग तिले आता."

मी आरशात पाहिलं. सासूबाई कुत्र्याची मान खाजवत होत्या. आधी कुत्र्याचं करायचं की तुमचं, एवढंच मी विचारलं. ज्याचा नंबर आधी लागेल त्याचं, असा निकाल मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचार बदलायच्या आत मी त्यांना स्कूटीवर बसवून राजापेठेत नेलं. डॉक्टरांनी दाब मोजला. थोडा चढला होता, पण नस शाबूत होती. उशीर का केलात, असं ते विचारणार होते. मी डोळे वटारले तसा त्यांनी प्रश्न गिळला. मी शस्त्रक्रियेसाठी गुरुवार पक्का केला, सासूबाईंना घरी सोडलं आणि मुलांच्या तोंडी परीक्षेला वेळेवर पोचले.