बारा नंबरच्या माशीचा अठरावा केस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही. आणि मराठीत लिहितेय तेही मुद्दाम. माझी शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, मनातल्या मनात भांडते तेसुद्धा इंग्रजीत. आमच्या लॅबमधलं कुणी मराठी वाचत बसणार नाही, म्हणून इथे. म्हणजे कबूल करतानाही मी आडोसा शोधलाच — नाही का?

मी माश्यांचे केस मोजते. हसू नका, हेच माझं काम आहे. केळ्यावर बसतात त्या बारीक माश्या आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बाटल्यांत वाढवतो, आणि निवड करत गेलं की त्यांचं शरीर कसं बदलत जातं ते बघतो. माशीच्या छातीच्या बाजूला, पायांच्या मुळाशी, मोजके राठ केस असतात. मायक्रोस्कोपखाली सुईने माशी उलटीपालटी करायची आणि ते मोजायचे. सतरा, अठरा, एकोणीस. एवढ्यावर आमची पीएचडी उभी असते.

नवीन कुणी आलं की त्याला हे मोजायला मी शिकवायचे. पद्धत अशी : एका पेटीत तीस छोट्या नळ्या, प्रत्येकीत अल्कोहोलमध्ये एक माशी. तीच पेटी नव्या मुलीने मोजायची आणि मीही मोजायची, एकमेकींचा कागद न बघता. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. तीसमध्ये दोनपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त असला तर पुढची पेटी. तीन पेट्यांत जुळलं नाही तर प्रयोगाला हात लावायचा नाही, आणि मग मॅडम सहा महिन्यांनंतर सहसा ठेवून घेत नाहीत. मॅडम म्हणजे आमच्या गाइड. एकदा सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "हिचा आकडा म्हणजे आपलं माप." चार वर्षांत मिळालेलं एवढंच कौतुक. मी ते किती वेळा आठवलंय, सांगायला लाज वाटते.

मग दर्शना आली.

खडवलीची. घरची पूर्वीची भातशेती, वडिलांनी आता रस्त्याकडेला गाळे बांधलेत. दहावीपर्यंत मराठी शाळा, एम.एस्सी. कल्याणला. पहिल्याच दिवशी तिने डबा उघडला — तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी — आणि मॅडम, ज्या चार वर्षं केबिनचं दार लावून एकट्या जेवत आल्या होत्या, वासावर बाहेर आल्या.

"काय गं, काय आणलंस?"

"जवळा हाय मॅडम. खाता ना? आयनी जास्तीच दिलाय, तिला वाटतं इथं समदे उपाशी असतात."

मॅडम हसल्या. मोठ्याने, मराठीत. माझ्याशी त्या नेहमी इंग्रजीत बोलायच्या. माझ्या डब्यात काय असतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मीही कधी डबा पुढे केला नव्हता. तो मी कोपऱ्यात, मान खाली घालून संपवायचे. मग राग कशाचा आला मला? मागितलं नाही ते दुसरीला मिळालं, याचा?

पण जवळ्याची चटणी हे कारण नव्हे. तसं सांगितलं तर ते फार निरागस वाटेल.

कारण हे, की तिला दिसायचं. मला मोजायला शिकायला वर्ष लागलं होतं, तिचा हात तीन आठवड्यांत बसला. सुई अशी धरायची की माशीचा पायही मोडायचा नाही. म्हणायची, "घरी कोलीम निवडायची सवय हाय ना ताई." ती बारीक कोळंबी निवडून निवडून शिकली होती. मी महागडे कोर्स करून शिकले होते.

पहिल्या पेटीचे कागद शेजारी ठेवले तेव्हा दुपार होती, सगळे जेवायला गेले होते. तीसपैकी एकोणतीस जुळले. फक्त बारा नंबर — माझे सतरा, तिचे अठरा. मी नळी काढली, माशी पुन्हा पाहिली. पायाच्या मागे, अगदी दडून, एक आखूड केस होता.

तिचं बरोबर होतं.

एकाच माशीचा फरक, नियमाने ती पास होती. मॅडमना जाऊन सांगायचं, एवढंच बाकी होतं. आणि मला आधीच ऐकू आलं — "अगं, हिने तुझी चूक काढली की!" — आणि ते हसू.

आम्ही पेन्सिलने लिहितो, कारण अल्कोहोलने शाई पुसली जाते. मी खोडरबर घेतलं. माझ्या कागदावरच्या पाच माश्यांचा एकेक केस कमी केला. अठराचे सतरा, एकोणीसचे अठरा. तिच्या कागदाला मी हातसुद्धा लावला नाही. त्या वेळी मला ही गोष्ट सभ्यपणाची वाटली होती.

सहा फरक झाले. नापास.

दुसऱ्या पेटीला मी आधीच ठरवून बसले होते. पायामागे केस दडलेला दिसला की तो सोडायचा. आठ फरक. तिने त्या आठही माश्या पुन्हा पाहिल्या. मग माझ्याकडे आली, आवाज अगदी हळू.

"ताई, रागावू नका हां. तो पायामागचा केस मोजायचा नसतो काय?"

बघा, तिने मला दार उघडून दिलं होतं. तिला वाटलं, असा काही नियम असेल आणि ताई सांगायला विसरल्या असतील. मी नुसतं "अगं हो, माझंच चुकलं" म्हटलं असतं, तरी सगळं तिथेच संपलं असतं.

मी म्हटलं, "मोजायचा असतो. पण तो असला तर."

तिने पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. त्या दिवसापासून ती एकेक माशी तीन-तीनदा मोजायला लागली. पुढच्या शनिवारी ती कल्याणला डोळे तपासून आली. "नंबर नाय निघाला ताई," म्हणाली. "डॉक्टर बोलले, डोळे एकदम मस्त. मग आता काय करायचं?" आणि हसली. मीही हसले.

तिसऱ्या पेटीत मला फारसं काही करावं लागलं नाही. एव्हाना ती स्वतःच चुकत होती. दिसलेला केस खोडायची, न दिसलेला लिहायची. तेरा फरक.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. तिन्ही पेट्यांचे कागद समोर होते. "मुलगी हुशार आहे," त्या म्हणाल्या — या वेळी माझ्याशी, मराठीत. "मला ठेवायची होती गं. पण डोळा नाही तिला. तुला काय वाटतं?" चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझं मत विचारलं होतं.

मी इंग्रजीत म्हटलं, ती मेहनत खूप करते.

लॅब सुटल्यानंतरच्या नवरात्रात ती आमच्या घरी आली. आम्ही ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागे राहतो, देवीचं दर्शन घेऊन आली होती. आईने तिला जेवायला बसवलं. जेवता जेवता ती आईला म्हणाली, "काकी, ताईंनी माझ्यावर लय मेहनत घेतली. माझ्याच डोळ्यात नव्हतं." आईने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. मी पानात भात वाढून घेतला.

दर्शना आता टिटवाळ्यात आठवी-नववीची शिकवणी घेते. दिवाळीला मेसेज येतो : ताई, कशा आहात? मी दिव्याचं चित्र पाठवते.

मला भीती वाटली होती, असं लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं — चूक उघडी पडण्याची, प्रबंधाची. पण एका केसाने माझं काही बिघडणार नव्हतं. तिचं काही चांगलं होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

अजून एक राहिलं. खरं तर सांगायचं ते हेच होतं.

मी आता पीएचडी संपवून त्याच लॅबमध्ये पोस्टडॉक संशोधक आहे, अजूनही नव्यांना शिकवते. ती पहिली पेटी आता सगळ्या नव्यांच्या चाचणीची पेटी झाली आहे. प्रत्येक वेळी मी नव्याने मोजत नाही. उत्तरांचा कागद झाकणाच्या आत चिकटवलेला असतो; पेटी मोजायला देताना झाकण मी माझ्याकडे ठेवते. दर्शना गेल्यावर आठवड्याभरात मी तो कागद नवा लिहिला. सगळे आकडे बरोबर करून. खोडरबर न वापरता, तिच्या कागदावरून, एकेक उतरवून घेत.

तेव्हापासून जो येतो, तो तिच्या डोळ्याशी जुळवला जातो. मागच्या महिन्यात दोन मुलं आली. दोघांनीही पेटी मोजली, दोघंही पहिल्याच फेरीत पास झाले.

बारा नंबरला दोघांनीही अठरा लिहिलं होतं.