बजेटसाठी आत असताना

जानेवारी संपत आला की मला आईचा खोकला ऐकू येतो. गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीतून. ती खोली आता रिकामी आहे. बायको म्हणते, वरच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ खोकतात. म्हणू दे. माझ्या आईचा खोकला मला कळत नाही होय?

मी अर्थ मंत्रालयात बजेटच्या भाषणाचं हिंदी भाषांतर तपासायचो. विदर्भातला माणूस दिल्लीवाल्यांची हिंदी सुधारतो, म्हणून ऑफिसात चेष्टा व्हायची. दरवर्षी मोठ्या कढईत हलवा होतो, सगळे खातात, फोन जमा करतात आणि मंत्रालयाच्या तळघरात आत जातात. मग संसदेत भाषण वाचून होईपर्यंत कोणी बाहेर यायचं नाही, घरी बोलायचं नाही. बजेट आधी फुटू नये म्हणून. घरच्यांकडे एक नंबर असतो, अगदीच नड आली तर लावायला.

त्या वर्षी आत जाण्याआधी साहेबांनी नेहमीसारखं एकेकाला विचारलं, "घर में सब ठीक? दिक्कत हो तो अभी बोलो, नाम हटा देंगे." आई चार दिवस तापाने पडून होती, धाप लागत होती. मी म्हणालो, "बिल्कुल ठीक, सर." नाव कापलं असतं तर पुढच्या वर्षी माझ्या खुर्चीत दुसराच कोणी बसला असता ना! एवढी माझी अक्कल. निघताना घरातही बजावून आलो होतो, उठसूट तो नंबर लावाल तर याद राखा.

आत मी मजेत होतो, हेही सांगून टाकतो. वेळेवर गरम जेवण, चहावर चहा, एकेका शब्दावरून तावातावाने भांडणं. यंदा सरकार रस्त्यांना किती देणार, शेतीला किती, हे देशात मोजक्या लोकांना माहीत होतं आणि त्यांत मी. छाती फुगली होती नुसती.

भाषण संपलं, दार उघडलं. आम्ही एकत्र फोटो काढला, त्यात मी दात काढून हसतोय. मग फोन सुरू केला. बहिणीचा मेसेज होता. आई आदल्या दिवशी दुपारी गेली होती. मी दुसऱ्या दिवशी सुटणारच म्हणून कोणी आत कळवलं नव्हतं, सगळे माझ्यासाठी थांबले होते.

घरी पोचलो आणि भरल्या घरात बायकोवर ओरडलो, "नंबर दिला होता ना? लावला का नाहीस?"

"लावत होते. आईंनी हात धरला माझा."

"का पण?"

"म्हणाल्या, नको गं, तो चिडेल."

नातेवाईक अजून सांगतात, मुलाच्या कामासाठी माउलीने शेवटपर्यंत कळ काढली. मी मान डोलावतो. मरताना माझ्या आईला माझी भीती वाटत होती.